पाळी यायच्या आधीच दिवस जातात: बाळंतपणानंतर कोणतं साधन, कधीपासून

चिंचपेटी (धागालेखक)

गरोदरपणाच्या धाग्यांवर डिंकाच्या लाडवांपासून बाळाच्या टाळूला लावायच्या तेलापर्यंत सगळं सापडतं. दिवस राहू नयेत म्हणून वापरायच्या साधनांचा विषय निघाला की मात्र 'डॉक्टरांना विचारा' म्हणून गाडी पुढे जाते. डॉक्टरांकडे बाळंतिणीच्या वाट्याला पाच मिनिटं येतात आणि ती बाळाच्या वजनात संपतात. म्हणून हा धागा. अनुभव नकोत, ते दुसऱ्या धाग्यावर भरपूर आहेत. इथे फक्त काय, किती, कधी आणि कुठे चुकतं ते लिहा.

सर्वात जास्त चुकतं ते 'पाळी आली की या' या वाक्यात. बीज सुटतं आधी, पाळी येते त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे पहिली पाळी दिसेपर्यंत एक संधी होऊन गेलेली असू शकते. त्या वेळी दिवस राहिले तर पाळी येतच नाही, आणि 'अजून सुरू झाली नाही' असं समजून चार-चार महिने जातात.

बाळाला अंगावर पाजत नसाल तर बाळंतपणानंतर तीन आठवड्यांपासून धोका धरायचा. पाजत असाल तर तीन अटी, तिन्ही एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी सुरू झालेली नाही, आणि बाळ फक्त अंगावरच्या दुधावर. तिन्ही पाळल्या तर हे साधन ९८ टक्क्यांच्या वर काम करतं, फुकटात. यातली एक जरी मोडली तरी त्याच दिवसापासून दुसरं साधन हवं. उष्टावण झालं की हे साधन संपलं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की बाळंतपणानंतर पुढच्या गर्भासाठी निदान २४ महिने थांबावं, गर्भपातानंतर सहा. सिझेरियन झालेलं असेल तर हे जास्तच मनावर घ्यायचं. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहूनही कमी अंतर पडलं तर पुढच्या वेळी कळांमध्ये जुना व्रण उसवण्याची भीती वाढते.

उंबरठा

'फक्त अंगावरचं' म्हणजे किती फक्त? बाळगुटी चालते का? आमच्या भागात तिसऱ्या दिवसापासून सहाणेवर जायफळ, वेखंड, हळकुंड उगाळून चाटवतात.

चिंचपेटी

बाळाच्या तब्येतीच्या हिशेबाने सहा महिने काहीच देऊ नये, गुटीतला मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. पण साधनाचा हिशेब वेगळा आहे. इथे मोजायचं ते चोखणं. बाळ चोखतं म्हणून बीज सुटणं थांबतं. गुटीच्या दोन बोटांनी चोखणं कमी होत नाही, वरच्या दुधाच्या बाटलीने होतं. मोजमाप असं: दिवसा दोन पाजण्यांत चार तासांहून आणि रात्री सहा तासांहून जास्त खंड नको. बाळ रात्री सलग आठ तास झोपायला लागलं की घरचे खूश होतात, पण नेमकी तिथेच दुसरी सोय लागते. नोकरीवर परत जाऊन पंपाने दूध काढणाऱ्या बायकांनीही यावर विसंबू नये, पंप म्हणजे बाळ नव्हे.

पानशेत_पूल

तांबीबद्दल (कॉपर टी) लिहितो, कारण बाळंतपणाच्या टेबलावरच काम होऊन जाणारं साधन हेच.

वार पडल्यावर दहा मिनिटांत, किंवा मग ४८ तासांच्या आत. सिझेरियन असेल तर गर्भपिशवी शिवायच्या आधी. ४८ तास उलटले की चार ते सहा आठवडे थांबायचं. मधल्या काळात पिशवी आकसत असते, तेव्हा बसवलेली तांबी बाहेर ढकलली जायची शक्यता जास्त.

ताज्या बाळंतिणीची पिशवी मोठी आणि लांब असते, त्यामुळे नेहमीची बारीक नळी वरपर्यंत पोचतच नाही. तांबी लांब चिमट्यात धरून आत नेतात, दुसरा हात पोटावर ठेवून पिशवीचा माथा चाचपतात, आणि चिमट्याचं टोक माथ्याला टेकल्याचं त्या हाताला जाणवल्यावरच सोडतात. चिमटा बाहेर काढताना दोऱ्याला हिसका बसला की तांबी निम्म्यावर येते. बाळंतपणानंतरची तांबी पडायची मुख्य कारणं दोन: माथ्यापर्यंत पोचली नाही, किंवा परतताना ओढली गेली. आणि नीट बसवली तरी नंतर बसवलेलीपेक्षा ही पडण्याचं प्रमाण जास्तच असतं, हे आधीच सांगायला हवं. म्हणून सहाव्या आठवड्याची तपासणी चुकवायची नाही.

सिझेरियनमध्ये बसवलेलीचा दोरा सुरुवातीला दिसत नाही, पिशवी आकसली की खाली उतरतो. तरी दिसला नाही तर सोनोग्राफी करून तांबी जागेवर आहे एवढं बघायचं. 'दोरा नाही म्हणजे पडली' असंही नाही आणि 'आतच असेल' असंही नाही.

सहा आठवड्यांनंतर बसवायची असेल तर नळीवालीच. पिशवीची खोली आधी सळईने मोजतात, साधारण सहा ते नऊ सेंटिमीटर भरते. नळीवरची निळी कडी तेवढ्यावर सरकवायची. तांबीचे हात नळीत दुमडल्यावर पाच मिनिटांच्या आत बसवायची, जास्त वेळ दुमडलेले राहिले तर ते आत गेल्यावर नीट उघडत नाहीत. मग दांडी स्थिर धरून नळी मागे ओढायची. दांडीने तांबी आत ढकलणं ही शिकाऊ हातांची चूक, त्यात पिशवीला भोक पडायची भीती असते. अंगावर पाजणाऱ्या बाईत ही भीती एरवीपेक्षा थोडी जास्त असते. एकूण प्रमाण कमीच, पण हात सरावाचा हवा.

खडीसाखर

पाकिटावर एक्सपायरी तीन वर्षांनंतरची आहे. म्हणजे तीनच वर्षं?

पानशेत_पूल

नाही. ती तारीख पाकीट न उघडता निर्जंतुक राहण्याची. तांबीचं आयुष्य बसवल्या दिवसापासून मोजतात: ३८० ए असेल तर १० वर्षं, ३७५ असेल तर ५. म्हणून कार्डावर प्रकार आणि तारीख दोन्ही लिहून घ्या. नुसतं 'कॉपर टी बसवली' लिहिलेलं कार्ड पाच वर्षांनी कुणाच्याच उपयोगाचं नसतं. मूल हवं झालं तर कधीही काढता येते, आणि काढल्यावर दिवस राहायला वाट बघावी लागत नाही.

दवाखान्यात कधी जायचं: पाळी चुकली, ओटीपोटात न थांबणारं दुखणं, ताप आणि वास येणारा स्राव, किंवा दोरा अचानक लांब लागणं अथवा न लागणं. पहिल्या काही पाळ्या जास्त जाणं आणि पोटात मुरडा येणं मात्र अपेक्षित आहे. हिमोग्लोबिन आधीच आठवर असेल तर ते आधी भरून काढायला हवं, किंवा हॉर्मोनवाल्या तांबीचा विचार करावा. तिने पाळी कमी होते, पण ती महाग.

गुलबक्षी

अवांतर वाटेल, पण डिस्चार्ज कार्ड नीट वाचा. बाळंतपणाच्या गडबडीत तांबी बसवली गेली आणि बाईला घरी गेल्यावर कळलं, अशा तक्रारी होत असतात. संमती गरोदरपणाच्या तपासण्यांत घ्यायची असते. कळा जोरात असताना अंगठा उमटवून घेतला तर ती संमती नव्हे. 'पीपीआययूसीडी' ही अक्षरं कार्डावर असतील तर आत तांबी आहे. नको असेल तर काढून मागायचा पूर्ण हक्क आहे, 'पाच वर्षं निघत नाही' हे कुणी सांगितलं तरी ऐकू नका.

औषधवाला

काउंटरवरून दिसणारा घोळ सांगतो. 'बाळंतिणीला चालणारी गोळी द्या' म्हणून मागतात आणि नेहमीची मिश्र गोळी घेऊन जातात. माला-एन किंवा तिच्यासारख्या गोळीत दोन हॉर्मोन असतात: लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलीग्रॅम आणि इथिनिल इस्ट्रॅडिओल ०.०३ मिलीग्रॅम. यातलं दुसरं दूध कमी करू शकतं, शिवाय बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका एरवीच वाढलेला असतो, त्यात भर पडते. म्हणून पाजणाऱ्या बाईने सहा महिने ही गोळी घेऊ नये. न पाजणारीने तीन आठवड्यांच्या आत नको, आणि गुठळीचा आणखी काही धोका असेल तर सहा आठवड्यांच्या आत नको. बीपी १४०/९० किंवा वर असेल, डोळ्यांपुढे चमकल्यासारखं होऊन अर्धशिशी उठत असेल, पूर्वी गुठळी झाली असेल तर कधीच नको. बीपी न मोजता ही गोळी सुरू करणं म्हणजे ब्रेक न तपासता गाडी घाटात घालणं.

पाजणारीसाठी एका हॉर्मोनची गोळी असते, डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅम. पाकिटात २८, सगळ्या औषधाच्या, मध्ये खंड नाही. माला-एनमध्ये मात्र २१ औषधाच्या आणि शेवटच्या ७ लोहाच्या. एकीची सवय दुसरीला लावू नका.

खाडा झाला तर: माला-एनची एक विसरली, आठवली की लगेच घ्या, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतील. दोन किंवा जास्त विसरल्या तर आठवल्याबरोबर एक घ्या, पाकीट पुढे चालू ठेवा, सात दिवस निरोध वापरा. तिसऱ्या आठवड्यात असं झालं तर लोहाच्या गोळ्या सोडून थेट नवं पाकीट. डेसोजेस्ट्रेलला बारा तासांची मुभा, त्यापुढे उशीर झाला की सात दिवस निरोध.

टीबीचं औषध चालू आहे का, हा प्रश्न कुणीच विचारत नाही. रिफाम्पिसिनमुळे यकृत या दोन्ही गोळ्यांतले हॉर्मोन भराभर मोडून टाकतं आणि गोळी निकामी होते. मिरगीवरच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिनचंही तेच. अशा वेळी तांबी किंवा अंतरा (तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन) बरी. साध्या ताप-खोकल्याच्या अँटिबायोटिकने मात्र काही बिघडत नाही.

आणि आठवड्याला एकदा घ्यायची छाया ही गोळी आहेच, ती पाजणारीला चालते.

काळी_मैना

औषधवाला, 'आठवड्याला एकदा' हेच अर्धवट वाक्य गावोगाव पोचलंय आणि त्यातून दिवस राहताहेत. पहिले तीन महिने आठवड्याला दोनदा, चौथ्या महिन्यापासून एकदा.

गोळी ३० मिलीग्रॅमची, सेंटक्रोमन. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, स्टेरॉइड नसलेली. बाजारात सहेली म्हणून मिळते तीच. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. तो वार रविवार असेल तर जोडीचा वार बुधवार, सोमवारला गुरुवार, मंगळवारला शुक्रवार, बुधवारला शनिवार, गुरुवारला रविवार, शुक्रवारला सोमवार, शनिवारला मंगळवार. तीन महिन्यांनी जोडीचा वार गळतो, पहिला राहतो. पट्टीत आठ गोळ्या, म्हणजे सुरुवातीची पट्टी चार आठवडे जाते आणि नंतरची आठ आठवडे. तीन महिने होऊनही दर महिन्याला पट्टी संपत असेल, किंवा पहिलीच पट्टी दोन महिने पुरली असेल, तर कुठेतरी चुकलंय. आशाताईंनी पट्टी हातात घेऊन मोजली तरी कळतं.

बाळंतपणानंतर पाळीची वाट बघायची नाही, दिवस नाहीत याची खात्री झाली की कुठल्याही वारी सुरू. खाडा सात दिवसांच्या आतला असेल तर लगेच घेऊन वेळापत्रक तेच ठेवा आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध. सात दिवसांवर गेला तर पहिल्यापासून, म्हणजे पुन्हा तीन महिने दोनदा.

हिच्याने पाळी लांबते. ते कळलं नसेल तर बाई घाबरून गोळी सोडते आणि मग खरंच दिवस राहतात. अंडाशयात गाठी असतील, कावीळ किंवा यकृत-मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल तर ही नको.

निरोधबद्दल एकच. पाजण्याच्या काळात इस्ट्रोजेन कमी असल्याने योनीमार्ग कोरडा असतो, संबंध दुखतात, आणि घरात हाताशी असतं ते खोबरेल. खोबरेल, बेबी ऑइल, व्हॅसलीन, काहीही तेलकट लागलं की लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं आणि फाटतं. पाण्यात विरघळणारं जेल मेडिकलमध्ये मिळतं, तेच वापरा. 'निरोध नेहमी फाटतो' म्हणणाऱ्यांना आधी तेलाचं विचारावं.

औषधवाला

मान्य, अर्धवट लिहिलं. दुरुस्ती योग्य.

खडीसाखर

'दिवस नाहीत याची खात्री' करायची कशी? दर वेळी चाचणी?

चिंचपेटी

चाचणीची गरज बहुतेक वेळा पडत नाही. सहा प्रश्न आहेत, एकाचं जरी उत्तर 'हो' आलं आणि दिवसांची काही लक्षणं नसली तरी सुरू करता येतं. बाळंतपण चार आठवड्यांच्या आतलं आहे का? वर लिहिलेल्या तिन्ही अटी पाळल्या जाताहेत का? बाळंतपणानंतर किंवा शेवटच्या पाळीनंतर संबंध आलेलाच नाही का? पाळी सुरू होऊन सात दिवस (तांबीसाठी बारा) झालेले नाहीत का? गर्भपात होऊन सात दिवस (तांबीसाठी बारा) व्हायचेत का? आधीपासून भरवशाचं साधन नीट चालू आहे का? हे उपकेंद्रातसुद्धा दोन मिनिटांत विचारून होतं. 'पाळी आल्यावर या' म्हणून परत पाठवायची गरजच नसते.

पानशेत_पूल

अंतरा राहिलं. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन १५० मिलीग्रॅम, दंडात किंवा कमरेत, दर तीन महिन्यांनी. सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून मोफत. पाजणारीला बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी सुरू.

चुका दोन. औषध कुपीच्या तळाशी बसतं. जोरात हलवलं नाही तर वरचं पाणी टोचलं जातं आणि औषध कुपीतच राहतं. आणि टोचल्यावर जागा चोळायची नाही, शेकायची नाही. चोळल्याने औषध लवकर शोषलं जाऊन तीन महिने पुरत नाही. घरी गेल्यावर कुणीतरी प्रेमाने चोळून देतंच, म्हणून हे बाईबरोबर आलेल्यांनाही सांगा. पुढचं इंजेक्शन तारखेच्या दोन आठवडे आधी ते चार आठवडे नंतरपर्यंत चालतं. त्यापलीकडे दिवसांची खात्री करूनच.

पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून अंगावरून जातं, पुढे बऱ्याच जणींची पाळी बंद होते. 'घाण रक्त साठून राहतं' असं काही नसतं. पिशवीचं अस्तर पातळच राहतं, बाहेर पडायला काही तयारच होत नाही. मात्र बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात. दोन वर्षांनी लगेच दुसरं मूल हवंय अशांनी तो हिशेब आधीच करावा.

गुलबक्षी

नसबंदीबद्दल थोडं. सरकारी निकषानुसार बाईचं वय २२ ते ४९, निदान एक मूल, आणि ते वर्षाच्या वरचं. पोटावर छोटा छेद घेऊन करायची शस्त्रक्रिया बाळंतपणानंतर सात दिवसांत होते, दुर्बिणीची मात्र सहा आठवड्यांनंतरच. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. हट्टाने मागितली जाते ही गोष्ट वेगळी.

गर्भपाताचंही तेच: सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० ते २४ मध्ये ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोघांचं. साधन फसल्याचं कारण आता 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' या शब्दांत आहे, लग्नाची अट गेली. गोळ्यांनी करायचा तर नऊ आठवड्यांच्या आत आणि डॉक्टरांकडूनच. गर्भ पिशवीतच आहे, नळीत नाही, हे आधी कळायला हवं. गर्भपातानंतर दहा-अकरा दिवसांतही बीज सुटू शकतं, म्हणून साधन त्याच भेटीत ठरवा.

घाटवळण

संपूर्ण धाग्यात पुरुषाच्या वाट्याला फक्त निरोध आलाय. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांची नसबंदी झालेली, पुरुष नसबंदी ०.३ टक्के. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं १९२१ साली. शंभर वर्षांत आपण इथवर आलो.

दोन मुलं झाली, आता नको, असं नक्की असेल तर बाळंतिणीचं पोट उघडण्यापेक्षा पुरुष नसबंदी सोपी. बिनटाक्याची पुरुष नसबंदी चीनमध्ये ली शुनचियांग यांनी १९७४ मध्ये बसवली. लिग्नोकेनने जागा बधिर करतात, कातडीला एकच बारीक छिद्र, त्यातून वीर्यवाहिनी कडीच्या चिमट्याने बाहेर घेऊन तुकडा काढतात, टोक बांधतात, आणि दोन टोकांमध्ये आवरणाचा पडदा आणतात, म्हणजे ती पुन्हा जुळत नाहीत. मग दुसऱ्या बाजूची. वीसेक मिनिटांचं काम. दोन दिवस घट्ट लंगोट आणि हलकंच काम. सायकल आणि जड ओझं आठवडाभर नको.

पुरुषी हॉर्मोन थेट रक्तात जातं, या नळीतून जात नाही. त्यामुळे ताकद, इच्छा, दाढीमिशा सगळं जागच्या जागी. वीर्याचं प्रमाणही जाणवण्याइतकं कमी होत नाही, शुक्रजंतूंचा त्यातला वाटा फारच थोडा.

फसते ती एकाच ठिकाणी. कापलेल्या जागेच्या पुढे आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात. तीन महिने निरोध, मग वीर्यतपासणी, त्यात शून्य आलं की सुटका. तपासणीला बहुतेक जण जातच नाहीत, आणि दिवस राहिले की संशय बायकोवर येतो.

उंबरठा

शेवटचं. निरोध फाटला आणि बाई पाजणारी आहे, पाळी सुरूच झालेली नाही. तातडीची गोळी चालते का? आणि फसली तर कळणार कसं, पाळी चुकायला पाळी तर हवी?

औषधवाला

चालते. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलीग्रॅम, एकच गोळी, ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा एक. बाळाचं पाजणं थांबवायचं नाही. बाळंतपण होऊन चार आठवडे झाले असतील तर पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं त्याहून भरवशाचं, आणि पुढची सोयही होते. गोळी झालेल्या संबंधापुरतीच. त्या रात्रीनंतरच्या संबंधांना ती नाही, निरोध चालू ठेवायचा.

पाळी नसेल तर संबंधाच्या दिवसापासून २१ दिवस मोजा आणि सकाळच्या पहिल्या लघवीवर चाचणी करा. 'निश्चय' किट आशाताईंकडे मिळतं. रेघ पाच मिनिटांत वाचा, दुपारी परत जाऊन बघितलेली फिकट रेघ धरू नका.